डिमेन्शिया झालेल्या माणसाचं दुखणं ओळखायचं कसं, आमच्या केंद्रातला अनुभव

मी नर्स आहे, जीएनएम केलंय. आधी बरीच वर्षं राजारामपुरीतल्या एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डला होते, आता कोल्हापूरच्या बाहेर पन्हाळ्याच्या बाजूला वृद्धांचं एक केंद्र आहे तिथं काम करते. आमच्याकडं राहणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक डिमेन्शियाचे, म्हणजे मेंदूच्या आजारानं आठवण आणि समज कमी होत गेलेले. नातेवाईक भेटायला आले की एक वाक्य हमखास असतं, "सिस्टर, आई लई तापट झाल्यात, अंगावर येत्यात, काहीतरी शांत व्हायची गोळी द्या की." गेल्या पावसाळ्यापासून आम्ही ती गोळी द्यायच्या आधी माणसाचं काही दुखतंय का हे नीट बघायला लागलो आणि त्यातनं जे समोर आलं ते लिहावंसं वाटलं, कारण घरी असं माणूस सांभाळणारे लई जण आहेत आणि हे त्यांना कुणी सांगत नाही.

सुरुवात आक्कांपासून झाली. सगळं केंद्र त्यांना आक्काच म्हणतं. करवीर तालुक्यातल्या खेड्यातल्या, आयुष्यभर म्हशीच्या धारा काढल्या, वैरणीचे भारे डोक्यावरनं आणले, उसात भांगलण केली. दिवसभर खुर्चीत बसल्या की एकदम चांगल्या, येईल त्याला "चा घेतलास काय" विचारणार, दहा वेळा विचारणार पण मायेनं विचारणार. आणि सकाळी आंघोळीला उठवायला गेलं की आरडाओरडा, शिव्या, मावशींच्या हाताला चिमटे, एका मावशींना तर दंडाला चावल्या. आमच्याकडं यायच्या आधीच त्यांना क्वेटियापिन, म्हणजे मनाच्या आजारावरची शांत करणारी गोळी, चालू होतं, त्यानं सकाळी डोळं उघडायचं नाही, जेवताना ठसका लागायचा, आणि आंघोळीचा गोंधळ मात्र तेवढाच. "आक्का, दुखतंय काय?" विचारलं की "मला काय धाड भरलीया" हे ठरलेलं उत्तर.

हाडांच्या वॉर्डात राहिल्यामुळं असेल पण मला एक गोष्ट खटकत होती, की हे सगळं नेमकं कधी होतं. बसलेल्या असताना कधीच नाही. खुर्चीतनं उठवताना होतं आणि बाथरूमचा उंबरा ओलांडताना उजवा पाय वर घ्यायला लावला की सगळ्यात जास्त होतं. पाणी अंगावर पडायच्या आधीच मारामारी संपलेली असायची, म्हणजे आंघोळीचा राग असता तर पाण्यापाशी झाला असता न्हवं. मावशींना विचारलं तर त्यांनीही हेच सांगितलं, उठवताना हात धरला की मारतात, एकदा बसवलं की गप.

मग मी दुखणं मोजायचा पेनॅड नावाचा तक्ता काढला. हा अमेरिकेत २००३ साली मुद्दाम पुढच्या टप्प्यातल्या डिमेन्शियासाठी तयार झालेला आहे, माणसाला बोलता येत नसलं तरी नुसतं बघून भरता येतो. पाच गोष्टी बघायच्या. श्वास कसा चाललाय, तोंडातनं आवाज कसला येतोय म्हणजे कण्हणं, तेच तेच ओरडणं, रडणं, चेहरा कसा झालाय, अंग सैल आहे का आवळलेलं, मुठी वळल्यात का, ढकलतात का, आणि शेवटचं म्हणजे जवळ घेऊन बोललं, हात फिरवला तर शांत होतात का अजिबातच होत नाहीत. प्रत्येकाला शून्य, एक नाहीतर दोन, सगळं मिळून जास्तीत जास्त १०. पाचेक मिनिटं नीट बघायला लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बसलेलं असताना बघायचं आणि हलवताना वेगळं बघायचं, दोन्ही आकडे लिहायचे. आक्कांचा बसल्यावर १ यायचा, उठवताना ७. नुसतं दुपारी राउंडला खुर्चीत बघून "काही त्रास नाही" लिहिलं की सगळं दुखणं कागदावरनं गायब होतं, आणि बहुतेक ठिकाणी राउंड दुपारीच असतो.

आमच्याकडं आठवड्यातनं एकदा शाहूपुरीतनं डॉक्टर येतात. त्यांना मी आठवडाभराचा कागद दाखवला. पहिल्यांदा ते म्हणाले, या वयात गुडघे दुखतातच, पण आकडे वेळेसकट होते म्हणून त्यांनी मग आक्कांना चालवून बघितलं, दोन्ही गुडघे सुजलेले, उजवा पुरता सरळच होत नाही, एक्सरे काढला तर झीज चांगलीच. पण इतके महिने आपण सगळे ह्याला "स्वभाव बदललाय" म्हणत होतो.

डॉक्टरांनीच मग नॉर्वेतल्या अभ्यासाचं सांगितलं, तो २०११ ला छापून आलाय. १८ नर्सिंग होममधले, डिमेन्शिया असलेले आणि चिडचिड करणारे ३५२ जण घेतले, निम्म्या लोकांना ८ आठवडे पायरीपायरीनं दुखण्याचं औषध दिलं, बाकीच्यांचं नेहमीचंच चालू ठेवलं. औषधवाल्या गटात चिडचिड दुसऱ्या गटाच्या मानानं १७ टक्क्यांनी कमी झाली, आणि औषध थांबवल्यावर परत वाढली. त्यातल्या बहुतेकांना मिळालं काय तर साधं पॅरासिटामॉल. ताप आला की आपण घरात देतो तेच! क्वेटियापिनसारखी मनाच्या आजारावरची औषधं मात्र डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्या माणसांना दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं २००५ सालीच दिलाय. ती औषधं कधीच द्यायची नाहीत असं मी म्हणत नाही, काही जणांना खरंच लागतात, पण आधी ती आणि दुखणं बघायचंच नाही हा क्रम उलटा आहे असं माझं ठाम मत आहे.

आक्कांना पॅरासिटामॉल चालू झालं ते "दुखलं तर द्या" असं नाही, घड्याळाप्रमाणं. हे मला फार पटलं, कारण जे माणूस दुखतंय हे सांगूच शकत नाही त्याच्या कागदावर "गरज पडल्यास" लिहिलं की ती गोळी कपाटातच राहते. आक्कांचं वजन ५० किलोच्या आत, म्हणून डॉक्टरांनी ५०० ची गोळी दिवसातनं तीन वेळा ठेवली, लिव्हरची तपासणी करून घेतली, आणि सकाळची गोळी आंघोळीच्या तासभर आधी. सोबत गुडघ्याला लावायला डायक्लोफिनॅकचं जेल. क्वेटियापिनला त्या वेळी हात लावला नाही, दोन्ही एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कळणारच नाही म्हणाले.

गोळीइतकंच बाकीचं पण बदललं. सकाळी सहाची आंघोळ दहाला नेली, कारण झिजलेले सांधे उठल्या उठल्या आखडलेले असतात. आधी गुडघ्याला शेक, मग बसल्या जागी पाय थोडा हलवायचा. उंबऱ्याला उतार करून घेतला, गवंड्याचं एका दुपारचं काम. आंघोळ खुर्चीवर, अंगावर टॉवेल टाकून. आणि बोलायचं एकाच मावशींनी, दुसरीनं गप राहायचं, "आक्का, आता उजवा पाय पुढं" एवढंच, दोघी तिघी एकदम बोलायला लागल्या की त्या बावचळतात.

पहिले काही दिवस काहीच फरक दिसला नाही, मावशी म्हणायला लागल्या की कशाला उगं लिहायचं. दुसऱ्या आठवड्यात उठवतानाचा आकडा ७ वरनं ४ ला आला, मग २-३ वर टिकला. चिमटे थांबले. शिव्या आहेत अजून, पण त्या त्यांच्या बोलण्यातच आहेत, त्याला औषध नको. नंतर डॉक्टरांनी क्वेटियापिन हळूहळू उतरवत बंद केलं, ठसका गेला, आणि आक्का काठी घेऊन व्हरांड्यापर्यंत यायला लागल्या. मुलगा भेटायला आला तर त्याला म्हणाल्या, "मी चालतो की आता."

यानंतर आम्ही जो कुणी ओरडतोय, मारतोय, जेवत नाही, झोपत नाही अशा प्रत्येकाचा तक्ता भरायला घेतला. आणि कळलं की प्रत्येक दुखण्याला गोळी नसते.

एक आबा आहेत, उद्यमनगरात फाउंड्रीत जन्म गेला. संध्याकाळ झाली की येरझाऱ्या, ओरडणं, पँट काढून टाकणं. संध्याकाळी डिमेन्शियाच्या लोकांची घालमेल वाढते हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून तेच धरून चाललं होतं. आकडा ५ आला म्हणून डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं तर दगड. रजिस्टरला "पातळ संडास" लिहिलेलं होतं, पण ते आत घट्ट संडासचा खडा अडकल्यावर बाजूनं पाझरतं ते पाणी होतं, खरी संडास झालेलीच नव्हती. एनिमा दिला, संडास मऊ करणारं लॅक्टुलोज चालू केलं, आणि त्या संध्याकाळी आबा शांत बसून जेवले. घरी करणाऱ्यांना एक सांगते, पातळ होतंय म्हणून जुलाब बंद करायची गोळी द्यायच्या आधी पोटाला हात लावून बघा, डॉक्टरला दाखवा. आणि इसबगोल सगळ्यांना चालतं असं नाही, जे पाणीच पीत नाहीत त्यांना ते उलट आत अडकून बसतं.

एक मास्तर. पांढऱ्या रश्श्यावर जीव, आणि वाटीच ढकलून द्यायला लागले. घरचे म्हणाले आजार पुढं गेला, आता नळी घालायला लागणार काय. चमचा भरवताना मावशींच्या लक्षात आलं की गरम काही ओठाला लागलं की डोळे मिटतात, आणि घास डाव्याच गालात ठेवतात. दाताच्या डॉक्टरांनी बघितलं तर उजवीकडं दाढेचं तुटलेलं मूळ आणि त्याला पू. ते काढल्यावर मास्तर जेवायला लागले. कवळी असेल तर ती रोज काढून हिरड्या बघायच्या, पायाची वाढलेली नखं, कुरूप, कान, लघवी तुंबलीय का, पाठीला कमरेला जखम होतीय का, हे सगळं बघायचं, आणि बघायला टॉर्च सोडून काही लागत नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते शिवाजी पेठेतल्या काकींचं. त्या काहीच त्रास द्यायच्या नाहीत. दिवसभर पडून, बोलणं बंद, सगळे म्हणायचे काकी लई गुणाच्या. तक्त्यावर त्यांचा आकडा एक दोनच्या वर जायचा नाही, कारण ह्या तक्त्यात कोरा चेहरा शून्यात जातो, आणि डिमेन्शिया पुढं गेला की काहींचा चेहराच हलायचा बंद होतो. रात्रपाळीच्या मावशींनी सांगितलं, "सिस्टर, कूस बदलताना त्या पलंगाचा गज धरत्यात आणि दम धरून राहत्यात." मी रात्री थांबून बघितलं, खरंच होतं. डॉक्टरांनी पाठीचा एक्सरे सांगितला तर मणका दबलेला, हाडं ठिसूळ. कधी झालं कुणाला माहीत नाही, पडल्याची नोंद नाही, ठिसूळ हाडात वाकण्यानं, खोकण्यानं पण मणका दबतो. जो ओरडतो त्याच्याकडं सगळे धावतात, गप पडलेल्या माणसाकडं कुणी बघत नाही, आणि घरोघरी तेच चाललेलं असतं.

काकींना पॅरासिटामॉलनं भागलं नाही. मग डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिनची चिकटपट्टी सुरू केली, सगळ्यात कमी ताकदीची, आठवडाभर अंगावर राहणारी. ही अफूच्या जातीतली औषधं, स्वतःच्या मनानं कुणी वापरायची नाहीत. पहिले दोन तीन दिवस काकींना झोप जास्त आली, मळमळ होती, आम्ही श्वास मोजत होतो, आणि संडास साफ व्हायचं औषध पट्टीच्या दिवसापासूनच चालू केलं कारण बद्धकोष्ठ होणारच. पट्टीची जागा दर वेळी बदलायची, आणि त्या जागेवर शेकाची पिशवी चुकूनही ठेवायची नाही, उष्णतेनं औषध एकदम जास्त आत जातं. सुनेला भीती होती की सासूबाईंना व्यसन लागेल, डॉक्टरांनी बसून समजावलं. महिन्याभरात काकी स्वतःहून कुशीवर वळायला लागल्या. बोलत नाहीत अजून, पण गज धरत नाहीत.

दर वेळी दुखणंच असतं असंही नाही. एक आजी रोज संध्याकाळी हाका मारत सुटायच्या, आकडा ६ पर्यंत जायचा. सगळं तपासलं, काही सापडलं नाही, डॉक्टरांनी दोन आठवडे पॅरासिटामॉल देऊन बघायला सांगितलं, काडीचा फरक नाही, म्हणून बंद केलं. बंद करणं पण तेवढंच महत्त्वाचं, नाहीतर गोळ्यांची माळ वाढतच जाते. त्यांना शेवटी स्वयंपाकघरात मेथी निवडायला बसवलं आणि हाका थांबल्या. भीती, भूक, थंडी, एकटेपणा ह्यानं पण तक्त्यावर आकडा येतो, तो बघून कारण शोधायचं, लगेच औषध नाही.

आणि जे अजून बोलू शकतात त्यांना आधी विचारायचंच. डिमेन्शिया आहे म्हणजे काही सांगता येत नाही असं नसतं, सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यातली बरीच माणसं सांगतात. फक्त "काल रात्री दुखलं काय" असं विचारू नका, काल त्यांच्याकडं नसतो. चष्मा, कानाचं मशीन लावून, समोर बसून, गुडघ्यावर हात ठेवून "हितं दुखतंय काय, आत्ता?" विचारायचं आणि थांबायचं, उत्तर यायला वेळ लागतो. वेदनेची जी व्याख्या जगभर वापरतात, २०२० साली सुधारलेली, तिच्यासोबतच्या टिपांमध्येच लिहून ठेवलंय की बोलता येत नाही म्हणून माणसाला वेदना होत नाही असं समजायचं नाही. मी ते मराठीत लिहून ड्युटी रूममध्ये लावलंय.

आता नातेवाईकांना हात जोडून एक. भेटायला येताना मेडिकलमधनं दुखण्याच्या गोळ्या आणून उशाखाली ठेवू नका. एका ताईंनी प्रेमापोटी डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून रोज एक द्यायला लावली होती, वडिलांना आधीच बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू. पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवर जातं, पायाला सूज येते, हृदय कमजोर असेल तर आणखी वाईट. ट्रॅमाडॉल या दुखण्यावरच्या जास्त ताकदीच्या गोळीनं कितीतरी म्हातारी माणसं जास्त बरळायला लागतात, फिट येण्याचा धोका असतो. आणि पॅरासिटामॉल साधं असलं तरी मोजूनच, सर्दीच्या गोळीत, कंबरदुखीच्या जोडगोळीत तेच असतं, सगळं मिळून दिवसाला किती झालं ते बघायला लागतं. नॉर्वेच्या अभ्यासातही दिवसाला ३ ग्रॅमच्या वर दिलं नव्हतं, बारीक अंगाच्या माणसाला त्याहून कमी लागतं. लिव्हरचं काही असेल, दारू झालेली असेल तर डॉक्टरला आधी सांगा, लपवू नका.

या सगळ्यातनं आमचा भरतीचा फॉर्म बदलला. आधी बीपी, शुगर, ऑपरेशन एवढंच विचारायचो. आता विचारतो, पूर्वी काय काम करायचे, कुठं पडले होते काय, कुठल्या कुशीवर झोपतात, आणि पूर्वी दुखायला लागलं की काय करायचे, कण्हायचे, चिडायचे का गप बसायचे. हे घरच्यांशिवाय कुणालाच माहीत नसतं. आक्कांचा मुलगा म्हणाला, आईनं आयुष्यात कधी दुखतंय म्हटलं नाही, डोक्याला पदर घट्ट बांधायची आणि धार काढायला जायची. हे पहिल्याच दिवशी फॉर्मवर आलं असतं तर डोकं घट्ट बांधून बसल्या की आम्ही तेव्हाच तक्ता काढला असता.

मावशींना पण तक्ता शिकवलाय. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी सांगायचं, सिस्टरनं लिहायचं, पण बघणार त्याच, कारण उठवणं, धुणं, भरवणं त्यांच्याच हातनं होतं. दर शिफ्टला नाव, वेळ, बसल्यावर किती, हलवल्यावर किती, काय दिलं, तासाभरानं परत किती. हे शेवटचं लोक विसरतात, गोळी दिल्यावर परत बघायलाच पाहिजे.

सध्या पाऊस लागून आहे, हवा गार, गुडघेवाल्या सगळ्यांचेच आकडे थोडे वर आहेत. आक्कांचा दुपारचा डोस कमी करून बघायचं ठरलं होतं, डॉक्टर म्हणालेत पाऊस ओसरू दे, दसऱ्यानंतर कमी करून दोन आठवडे तक्ता बघू, आकडा वर आला नाही तर तसंच ठेवू, आला तर परत चालू.